दुखत नाही म्हणून दाखवत नाही

(फुलंब्री येथे हंगामाच्या उपासनेनंतर भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "ताई, वस्त्यांवरच्या दंतशिबिरांची माहिती द्या. वीस मिनिटं बोला, लोकांना आनंद होईल." मागे जेवण तयार आहे, वास इथपर्यंत येतोय, आणि जेवणाआधी तोंडातल्या जखमांविषयी बोलणं काही बरं नाही, हे मलाही कळतं. तरी आज तेच बोलायचं आहे. आपण सांभाळून घ्यावं.

आनंदाच्या गोष्टी आहेत, त्याही सांगेन. पण आधी मला एक जुना अहवाल दुरुस्त करायचा आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या वार्तापत्रात एका दंतशिबिराचा वृत्तान्त छापून आला होता. खाली माझं नाव होतं. रुग्ण किती तपासले, दात किती काढले, टूथब्रश किती वाटले, सगळे आकडे जाड अक्षरांत दिले होते. आपल्यापैकी काहींनी तो वाचून देणगी पाठवली, एका भगिनीने तर सुंदर पत्रही लिहिलं. त्या अहवालात एक बाई राहून गेली. आज तिच्याविषयी बोलायला मी उभी आहे.

गिरिजा नदीच्या पलीकडे, गावापासून जरा लांब, भिल्लांची एक वस्ती आहे. वीसेक घरं. पावसाळ्यात ही माणसं मक्याच्या आणि आल्याच्या शेतात मजुरीला जातात. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून जाते आणि घरी म्हातारीकोतारी उरतात. ते शिबिर आम्ही मुद्दाम वस्ती हलण्याआधी, भाद्रपदात घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या, शहरातून दोन दंतवैद्य आले, बादल्या, टॉवेल, गरम पाणी, सगळी तयारी झाली. सकाळी नऊपासून रांग लागली. रजिस्टर घेऊन मी तोंडाशीच बसले होते. नाव, वय, कोणता दात दुखतो, एवढं लिहायचं आणि माणसाला पुढे पाठवायचं.

दुपारी एक मावशी आल्या. वय पंचावन्नच्या आसपास असेल. त्यांना स्वतःला नक्की ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, "ताई, दाढ तर दुखतीच. पन गालाला आतून खरखर लागतंय, जीभ लावली की. तेबी बघा मनावं."

मी मान वर केली तर मागे रांग दिसली. डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत परतायचं होतं. मी म्हणाले, "मावशी, आज दाढेचं बघून घ्या. गालाचं पुढच्या वेळी बघू."

त्या 'बरं' म्हणाल्या. डॉक्टरांच्या हाती जो कागद गेला त्यावर माझ्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: खालची उजवी दाढ. डॉक्टरांनी दाढ काढली, नीट काढली. मावशी तोंडात कापूस धरून घरी गेल्या आणि माझ्या अहवालात एका आकड्याची भर पडली.

पुढची वेळ आली तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. मधल्या काळात त्या दोन हंगाम ऊसतोडीला जाऊन आल्या. मी वस्तीवर गेले तर गालाला बाहेरून गाठ दिसत होती. भाकरी चावता येत नव्हती. शहरात नेलं, तुकडा काढून तपासला, तर कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, गालाचा आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला, नंतर शेक दिले. मावशी आज आहेत, देवाची कृपा. भाकरी कालवणात कुस्करून खातात. बाहेर निघताना पदर तोंडावरून घेतात. आज त्यांना इथे आणायची माझी इच्छा होती, त्या म्हणाल्या, "नको ताई, लोक बघत्यात."

मी त्यांची क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार? दुखत न्हवतं ना. दुखलं असतं तर म्याच बोंब मारली असती."

बंधुभगिनींनो, त्यांनी मला दोष दिला नाही. पण त्या बोलण्यात या आजाराचं सगळं वर्म आलं आहे. दात दुखतो, म्हणून माणूस दंतवैद्याकडे जातो. गालावरचा चट्टा सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तो कोणी दाखवत नाही. ज्याचं तोंड दाताच्या निमित्ताने उघडलं आणि उघडल्यावर कोणी दातापलीकडे पाहिलं, त्याचाच चट्टा वेळेवर सापडतो.

त्यानंतर मी विचारायला सुरुवात केली. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे धर्मशास्त्राची पदविका आहे आणि वस्त्यांवरचा अनुभव आहे, इतकंच. पण शहरातल्या एका डॉक्टरताईंनी मला समोर बसवून शिकवलं. त्यांनी सांगितलेलं मी साध्या भाषेत सांगते.

तोंडाच्या आतल्या मऊ, ओलसर त्वचेला श्लेष्मल त्वचा म्हणतात. गाल, ओठांची आतली बाजू, जीभ, जिभेखालची जागा, टाळू, सगळीकडे तिचंच अस्तर आहे. दातासाठी आलेल्या माणसांमध्ये या अस्तरावर काही वेगळं किती जणांना असतं? शेजारच्या कर्नाटकात, मणिपालच्या दंत महाविद्यालयात आलेल्या 1,190 रुग्णांची तोंडं याच हेतूने तपासली गेली. 2008 साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. 41.2 टक्के लोकांच्या तोंडात एक ना एक बदल सापडला. त्याआधी 2006 साली चेन्नईच्या एका दंत महाविद्यालयाची पाहणी आली होती. तिथे 2,017 रुग्ण पाहिले, आणि प्रमाण निघालं 4.1 टक्के.

एकीकडे एक्केचाळीस, दुसरीकडे चार. मी गोंधळले. ताई हसून म्हणाल्या, "काय मोजायचं ठरवलंय, त्यावर आकडा ठरतो." मणिपालच्या पाहणीत निरुपद्रवी गोष्टीही मोजल्या होत्या. काहींच्या गालात किंवा ओठात पिवळसर बारीक दाणे असतात, काहींच्या जिभेला जन्मापासून भेगा असतात. दाताची कड घासून गालावर पांढरी रेघ उमटते. यांत घाबरण्यासारखं काही नाही. चेन्नईत तंबाखू, सुपारी, दारू या सवयींच्या अंगाने पाहिलं होतं, म्हणून आकडा लहान आला. दोन्ही पाहण्यांतून एक गोष्ट मात्र मला कळली. दाताच्या दवाखान्यात बसलेल्या माणसांमध्ये असे बदल विरळ नाहीत, आणि त्यांतले बहुतेक साधे असले तरी धोक्याचे थोडे त्याच गर्दीत मिसळलेले असतात. पाहिल्याशिवाय ते वेगळे काढता येत नाहीत.

धोक्याचे कोणते, तेवढं लक्षात ठेवा.

पहिला, पांढरा चट्टा. बोटाला कापड गुंडाळून पुसला तरी निघत नाही. पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो. तो म्हाताऱ्या माणसांत, कवळी वापरणाऱ्यांत, मधुमेह असणाऱ्यांत दिसतो आणि औषधाने बरा होतो. न पुसला जाणारा चट्टा मात्र दाखवलाच पाहिजे. असे सगळे चट्टे बिघडत नाहीत, थोडेच बिघडतात. पण कोणता बिघडेल हे डोळ्यांनी सांगता येत नाही, तुकडा तपासावा लागतो.

दुसरा, मखमलीसारखा लाल चट्टा. हा कमी आढळतो, पण पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

तिसरी, पंधरा दिवसांत न भरणारी जखम. आपल्याला 'तोंड येतं', ते आठ-दहा दिवसांत जातं आणि चांगलंच झोंबतं. पंधरा दिवस उलटले तरी जी जखम तशीच राहते, ती दुखो वा न दुखो, दाखवायची.

आणि चौथं, तोंड कमी उघडणं. गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, तिखट सोसत नाही, हळूहळू तोंड मिटत जातं. मुंबईच्या डॉ. जोशींनी 1953 सालीच आपल्याकडच्या रुग्णांमध्ये या विकाराचं वर्णन केलं होतं. याचं मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेली, साधी सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ताठ झालेला गाल सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही. सवय सोडली तर पुढचं बिघडणं थांबवता येतं.

आता आपल्या भागाकडे वळू. महाराष्ट्रात 2016-17 साली झालेल्या तंबाखू सर्वेक्षणात 24.4 टक्के प्रौढ माणसं धूर नसलेली तंबाखू वापरताना आढळली. बायकांमध्ये हे प्रमाण 16.6 टक्के, म्हणजे सहा बायकांमागे एक. बिडी-सिगारेट ओढणारे आपल्या राज्यात त्यामानाने फार थोडे. आपल्याकडे तंबाखू ओढत नाहीत, तोंडात ठेवतात. पुरुष चुना लावून मळतात आणि ओठाखाली किंवा गालात बार धरतात. बायका मिश्री लावतात. तरुण पोरं गुटखा आणि मावा खातात. गुटख्यावर राज्यात जुलै 2012 पासून बंदी आहे. बंदी आहे, आणि वस्तीजवळच्या टपरीवर पुडीही मिळते; हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्या देशातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, आणि तो बहुतेक वेळा बार जिथे ठेवतात त्याच खोबणीत, गाल आणि हिरडीच्या मधे, सुरू होतो.

वस्तीवर मी विचारलं, की मिश्री कशाला लावता? एक बाई म्हणाली, "पहाटं तीनला फडात जायाचं. पोटात काय नसतंय. मिसरी लावली की भूक मरती अन् झोप उडती." दाढ दुखली तरी मिश्री, गरोदरपणात मळमळलं तरी मिश्री. दवाखाना दूर आहे, मिश्रीची डबी कनवटीला आहे. तिच्यासमोर उभं राहून 'तंबाखू वाईट' एवढंच म्हणणं सोपं आहे. त्या भुकेचं काय करायचं, हे मात्र मला त्या दिवशी सांगता आलं नाही.

आणि आकड्यांविषयी एक गोष्ट विसरून चालणार नाही. मणिपाल असो की चेन्नई, ते आकडे खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या माणसांचे आहेत. ज्यांच्याजवळ भाडं होतं, एका दिवसाची मजुरी बुडवण्याची ऐपत होती, त्यांचे. आपल्या वस्तीतला माणूस दाढ हलायला लागली की दोरा बांधून ओढतो. तो त्या खुर्चीवर बसलेलाच नाही. त्याच्या गालात काय आहे हे कुठल्याच रजिस्टरात नाही.

पन्नास वर्षांपूर्वी काही माणसांना हे उमगलं होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या 1,01,761 माणसांची तोंडं तपासली. 1972 साली ते काम प्रसिद्ध झालं. आमच्या एका वस्तीचं काम करताना माझी पाठ धरते, म्हणून या आकड्यापुढे मी हात जोडते.

तुम्ही म्हणाल, ते डॉक्टर होते. आपण काय करणार? हाच प्रश्न मी ताईंना विचारला. त्यांनी मला केरळचं उदाहरण सांगितलं. तिरुवनंतपुरमजवळच्या 13 पंचायतींमध्ये 1996 पासून एक मोठा अभ्यास झाला. काही पंचायतींत घरोघर जाऊन लोकांची तोंडं पाहिली गेली, काहींत नाही. पाहणारे डॉक्टर नव्हते. पदवी झालेली साधी मुलंमुली होती, त्यांना शिकवून तयार केलं होतं. त्यांनी उजेडात तोंड पाहायचं आणि शंका आली की डॉक्टरकडे पाठवायचं. तीन फेऱ्या झाल्या. 2005 साली निकाल आला. ज्यांना तंबाखूची किंवा दारूची सवय होती, त्यांच्यात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पाहणी झालेल्या पंचायतींत 34 टक्क्यांनी कमी होते. यंत्र नाही, सुई नाही. उजेड, डोळे आणि शिकवलेला माणूस.

हे ऐकल्यावर आम्ही शिबिराची पद्धत बदलली. आता दाताच्या रांगेआधी एक बाकडं असतं. तिथे आमच्या दोन शिकवलेल्या भगिनी बसतात. ओठ बाहेरून आणि आतून, दोन्ही गाल, हिरड्यांची खोबण, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खालची जागा, शेवटी टाळू. हा क्रम चुकवायचा नाही. मग माणसाला त्याची स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमधून आत घालायला सांगायचं. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर कागदावर खूण. एका माणसाला तीन-चार मिनिटं पुरतात. मावशींना माझ्याजवळ तेवढा वेळ मिळाला असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

सुरुवातीला बायका तोंड उघडेनात. मिश्रीने दात काळे झालेले, चारचौघांत तोंड वासायचं कसं? तेव्हा मला मार्कच्या शुभवर्तमानातला, सातव्या अध्यायातला तो बहिरा, तोतरा माणूस आठवला. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं, एकट्याला, आणि मग त्याच्या जिभेला स्पर्श केला. पदविकेच्या वर्गात या उताऱ्यावर मी निबंध लिहिला होता, चांगले गुणही मिळाले होते. पण बाजूला का नेलं असेल, हे मला त्या व्हरांड्यात समजलं. आम्ही शाळेच्या खोलीला एक साडी आडवी बांधली. बायका आत येऊ लागल्या.

आता दुसरी अडचण सांगते, कारण नुसतं पाहून काही होत नाही. शंका आली, चिठ्ठी दिली, आणि माणूस गेलाच नाही, तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय? सुरुवातीला आम्ही चिठ्ठ्या देत होतो. महिन्याने गेलं की त्या पत्र्याच्या फटीत खोचलेल्या सापडायच्या. घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1982 पासून आहे. शहरात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. फुलंब्रीहून एसटी थेट जाते. पण ज्याला वाचता येत नाही त्याला केसपेपरची खिडकी म्हणजे परका देश. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा खर्च मिळू शकतो, पण त्यासाठी रेशनकार्ड लागतं, आधार लागतं, आणि दोन्हींवर नाव सारखं लागतं. आमच्या एका आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं होतं. म्हणून आता चिठ्ठीबरोबर माणूस जातो. सकाळच्या गाडीने जायचं, रांगेत उभं राहायचं, डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या बोलीत समजावायचं आणि संध्याकाळी घरी पोहोचवायचं. अहवालात छापायला या कामाला आकडा नाही, पण सगळं अडतं ते इथेच.

आणि तरीही सगळे येत नाहीत. गेल्या दसऱ्याआधी एक तरुण आला होता. वय सव्वीस. मावा आणि गुटखा, दिवसभर. तोंडात दोनच बोटं जात होती, चटणी खाता येत नव्हती. मी म्हणाले, उद्याच्या उद्या चल, मी येते बरोबर. त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. जोडीचा कोयता ठरला होता, ट्रक दारात यायचा होता. म्हणाला, "ताई, हंगाम झाल्यावर बघू." मला माझंच वाक्य ऐकू आलं. ट्रक गेला. मी त्याचा नंबर लिहून घेतला आहे, दर पंधरवड्याला फोन करते. कधी उचलतो, कधी नाही. मावा कमी केलाय म्हणतो. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आनंदाचीही गोष्ट आहे, ती सांगते. सवय सुटली तर तोंड सुधारू शकतं. डॉ. मेहतांच्याच सहकाऱ्यांनी देशातल्या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या 36,000 माणसांना समजावून सांगण्याचं काम केलं. ओरडून नाही, घरी जाऊन, पुन्हा पुन्हा. 1986 साली त्याचे निष्कर्ष आले: ज्यांच्यापर्यंत हे सांगणं पोहोचलं त्यांच्यात सवय सोडणारे वाढले आणि पांढरे चट्टे नव्याने उठण्याचं प्रमाण घटलं. आमच्या वस्तीतल्या एका आजींच्या ओठाच्या आत, मिश्री जिथे धरायच्या तिथे, पांढुरकी सुरकुतलेली कातडी होती. डॉक्टरांनी तपासलं, सध्या धोका नाही म्हणाले, पण मिश्री सोडा म्हणाले. आजींनी नातवाची शपथ घेऊन सोडली. दोन महिन्यांनी आरशात पाहून त्या ओरडल्या, "अगं, गुलाबी झालं की!" सगळी वस्ती पाहायला आली.

ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी शासनाचा मोफत फोन आहे, तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो: 1800-11-2356. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण लावून द्यायचा.

शेवटचं बोलणं वस्तीविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आपल्या मंडळ्यांत दारूवर उपदेश होतो, आणि व्हायलाच हवा. सुपारीवर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. लग्नाची उपासना संपली की बाहेर मंडपात तबक फिरतं, आणि त्यात सुपारी असते. मीही ते तबक फिरवलं आहे. आणि मिश्री काही फक्त भिल्लांच्या वस्तीत नाही. माझी आई रोज सकाळी प्रार्थना करायची आणि प्रार्थनेआधी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. धुराने ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मावशींचं निदान झालं त्या रात्री मी घरी गेले आणि पहिल्यांदा आईला म्हणाले, आई, तोंड उघड. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले, धाड भरलेली नाही तोवरच बघायचं आहे. टॉर्च धरला. काही निघालं नाही. पण इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि मी शिबिरं घेत फिरत होते.

म्हणून आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पैसे पाठवायचे असतील तर ते गाडीभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी पाठवा. टूथब्रश आमच्याकडे पुरेसे आहेत. ज्यांना महिन्यातला एक दिवस देता येईल त्यांनी रुग्णाबरोबर शहरात जायला नाव नोंदवावं. निवृत्त शिक्षक, परिचारिका यांचं तर फारच सोनं होईल. आणि तिसरी, पुढच्या लग्नाच्या तबकात सुपारीऐवजी बडीशेप ठेवा.

यापुढे माझ्या अहवालात काढलेल्या दातांचा आकडा खाली आणि बारीक अक्षरांत असेल. वर असेल किती तोंडं नीट पाहिली, किती जणांना पुढे नेलं, आणि किती जण अजून यायचे आहेत. तो आकडा लहान दिसला तर निराश होऊ नका.

जेवण वाढायला घेतलं आहे असं दिसतं. हात धुवायच्या नळावर आमच्या मुलांनी आरसा टांगला आहे. उजेड चांगला आहे. जेवल्यावर चूळ भरा, दोन्ही गाल बोटाने ओढून आत बघा, आणि तीन बोटं उभी घालून पाहा. मग शेजारच्यालाही सांगा. काही वेगळं दिसलं तर जायच्या आधी मला भेटा. मी रजिस्टर घेऊन दारात बसणार आहे, आणि आज मला घाई नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.